छोटीच्या खाण्याचा प्रकल्प : वहीतल्या नोंदी

४ फेब्रुवारी
आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. छोटी गेल्या आठवड्यात दीड वर्षाची झाली आणि महिनाभर घरात रोज एकच विषय, आता हिला काय द्यायचं. परवापरवापर्यंत समोर येईल ते तोंडात घालणारी पोरगी आता ताटली दिसली की मान फिरवते, काल तर वाटी सरळ जमिनीवर, आणि वर टाळ्या. माझी बायको, म्हणजे ही, म्हणाली, ऑफिसात कशाचीही शीट करतोस ना, मग हिच्या खाण्याची कर. टोमणाच होता, पण मला पटलं. तर प्रकल्प असा : सकाळपासून रात्रीपर्यंतचे मिळून ३० पदार्थ शोधायचे, जे तिला चालतील, मला जमतील आणि अर्ध्या तासात होतील. मुदत सहा आठवडे.

पहिले काही दिवस काहीच बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. तोंडात गेलं आणि आत राहिलं तरच 'खाल्लं'. गालात धरून वीस मिनिटांनी सोफ्यावर काढलं तर नाही.

८ फेब्रुवारी
चार दिवसांची बेरीज केली आणि जरा लाजच वाटली. उठल्या उठल्या दूध, अकराला दूध, झोपायच्या आधी, झोपून उठल्यावर, रात्री, आणि मधे रडारड झाली की आणखी एक बाटली. रोजचं ९०० मिलीच्या वर जातंय. शिवाय हातात बिस्किट. ते मी एक दिलेलं, हिने एक दिलेलं, माझ्या आईने दोन, आणि तिघांनाही वाटतंय की सकाळपासून पोरीच्या पोटात काहीच नाही म्हणून आपण तेवढं दिलं. म्हणजे जी मुलगी काही खात नाही म्हणून आम्ही रडतोय ती दिवसातून नऊ-दहा वेळा खातेय, फक्त जेवणाच्या वेळेला नाही.

पदार्थांची यादी करायला बसलो होतो, आता ती जरा बाजूला.

१० फेब्रुवारी
लशीसाठी डॉक्टरांकडे जायचं होतंच, वही घेऊन गेलो. त्यांनी आधी वजनाचा तक्ता काढला, रेष तिच्या तिच्या जागेवर व्यवस्थित चाललीये. मग म्हणाले, पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या अख्ख्या वर्षात वाढतं ते दोन-अडीच किलो, मग भूक तेवढीच कशी राहील? हे एवढं साधं गणित आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

दुधाबद्दल मात्र ते स्पष्ट बोलले. या वयाला दिवसाला ५०० मिलीच्या आसपास पुरे, ७०० च्या वर नकोच. एक तर दुधाने पोट भरतं आणि जेवणाला जागाच राहत नाही, दुसरं म्हणजे गाईच्या दुधात लोह जवळपास नसतंच आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. दूध मात्र दोन वर्षांपर्यंत सायीसकटचंच, पातळ केलेलं नको. आई सोबत होती, हे शेवटचं वाक्य तेवढं तिने पक्कं लक्षात ठेवलंय.

१२ फेब्रुवारी
पहिला बदल. खाण्याच्या पाच वेळा ठरवल्या, दोन वेळांमधे अडीच ते तीन तास, आणि त्या मधल्या वेळात फक्त पाणी. दूध बाटलीतून बंद, कपातून, आणि जेवण झाल्यावर. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय, दिलं की ज्याने दिलं त्याने खूण करायची, म्हणजे तिघांचं तीनदा नको.

अकराला ती फ्रिजसमोर उभी राहून 'दुदू' म्हणून पाऊण तास रडली. आई माझ्याशी बोलत नाहीये.

१३ फेब्रुवारी
वाईट दिवस. दूध ६२०. बाकी उद्या.

१६ फेब्रुवारी
आज दुपारी तिने स्वतःहून खुर्चीकडे बोट दाखवलं! भूक लागलेली पोर कशी दिसते हे आम्ही महिनाभर विसरलोच होतो.

हा मोका साधून अंड्याच्या पट्ट्या केल्या. एक अंडं, त्यात चमचाभर दूध, बारीक किसणीवर किसलेलं अर्धं गाजर, थोडं बटर, झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत घट्ट शिजवायचं, ओलसर ठेवायचं नाही, मग गार करून बोटाएवढ्या पट्ट्या. सहा पट्ट्यांपैकी चार आत गेल्या, एक केसात, एक अजून सापडलेली नाही.

पट्टीच का, तर तिला समोरच्या दातांनी तुकडा तोडता येतो पण चावायला दाढा कुठेत? पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, हिच्या खालच्या दोन कालपरवा डोकावल्यात, आणि त्यांच्या मागच्या तर दोन वर्षांच्या पुढेमागे. म्हणजे मांसाचा चिवट तुकडा ती थुंकते तेव्हा तो नखरा नसतो, तिच्याकडे दळायचं जातंच नाहीये. आता सोपी परीक्षा : अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबल्यावर चुरडलं तर ताटलीत, नाहीतर परत कुकरमधे. रताळं, गाजर, फ्लॉवरचे तुरे, सफरचंदाच्या फोडी सगळं आधी या परीक्षेतून जातं.

१८ फेब्रुवारी
आज पाहुणे होते, कुणीतरी प्रेमाने तिच्या हातात अख्खं द्राक्ष दिलं आणि मी ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. वातावरण बिघडलं. आई म्हणाली आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का. वाढवली की, आणि आम्ही वाचलोही, पण गोल, गुळगुळीत आणि दाबलं की थोडी आत जाणारी वस्तू छोट्या श्वासनळीत बुचासारखी बसते, म्हणून द्राक्ष कायम उभं कापून चार भाग. आडवं कापून चालत नाही, चकती गोलच राहते.

मग रात्री बसून एक लाल यादी केली आणि वेळापत्रकाच्या शेजारी लावली. अख्खे काजू-बदाम-शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत, पूड किंवा बटर चालेल. पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नाही. कडक गोळ्या नाहीत. कच्चं गाजर आणि कच्चं सफरचंद फक्त किसून. सॉसेज गोल चकत्यांत नाही. पीनट बटर चमच्याने नाही, घशाला चिकटतं, ब्रेडवर पातळ थर. आणि चालता चालता, गाडीत, पडल्या पडल्या काही नाही, बसून आणि समोर कुणीतरी असतानाच.

अजून एक गोष्ट आईलाही पटली : ठसका लागून तोंड लाल, खोकला, आवाज, डोळ्यांत पाणी, हे भीतीदायक दिसतं पण तिथे शरीर स्वतःच काम करत असतं. घाबरायचं ते आवाज बंद झाला तर. आम्ही दोघांनी घशात अडकल्यावर काय करायचं ते शिकून घेतलेलं आहे, आई पुढच्या वेळी येणार म्हणाली. बोलणं सुरू झालं म्हणजे.

२१ फेब्रुवारी
फसलेला आठवडा, प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटलं आता भूक आहे तर मजेदार पदार्थ करू, म्हणून सँडविचची होडी, भाताचा ससा, पालक घातलेली हिरवी कपकेकं, एकेकाला तासतास. सशाचे कान तिने मन लावून उपटले आणि मला दिले. कपकेक तर बघितलंही नाही. आणि गंमत म्हणजे मी स्वतःसाठी ताटात घेतलेला साधा मऊ भात आणि त्यावरचा शिजलेला मसूर, तो तिने माझ्या मांडीत बसून सात घास खाल्ला.

मी एवढं राबल्यावर तिने खाल्लं नाही की मला राग येतो, तो चेहऱ्यावर दिसतो, मग ती अजून खात नाही. त्यामुळे जास्त मेहनतीचे पदार्थ बाद. हा चवीचा मुद्दाच नाही, माझ्या स्वभावाचा आहे.

२४ फेब्रुवारी
रात्री वाचन. क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९२० च्या दशकात नुकतं दूध सोडलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला आणि १९३९ मधे त्याचा निष्कर्ष मांडला. १५ मुलं, ३४ पदार्थ, मोठ्या माणसाने काहीही सुचवायचं नाही, आग्रह नाही, मूल बोट दाखवेल ते द्यायचं. मुलांनी कधी भलतंच विचित्र खाल्लं, पण एकूणात सगळी धष्टपुष्ट वाढली. एकाला मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) होता, त्याच्यासमोर त्यावरचं औषध म्हणून माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं, ते तो बरा होईपर्यंत आपणहून प्यायला.

हे वाचून लोक म्हणतात बघा, मुलांना सगळं कळतं, सोडा त्यांच्यावर. पण त्या ट्रेवर साखर नव्हती, मैद्याचं काही नव्हतं, सगळं साधं आणि ताजं. हे डेव्हिसबाईंनीच सांगून ठेवलंय की गोम कशात असेल तर ती पदार्थांच्या यादीत होती. निवड मुलांची, पण ट्रे भरणारा कोण? आमच्या घरातल्या ट्रेवर बिस्किटाचा पुडा होता, आणि तो आम्हीच ठेवलेला.

एलिन सॅटर म्हणून आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची वाटणीही याच वळणाची : काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. फ्रिजवर हे पण लावलंय. फ्रिजचा दरवाजा आता दिसत नाही.

२६ फेब्रुवारी
ताटली कशी भरायची ते ठरलं. एक गोष्ट तिच्या ओळखीची, जी ती बहुतेक वेळा खातेच, म्हणजे भात, केळं, दही यातलं काहीतरी. एक लोहाची, म्हणजे मसूर, अंडं, बारीक केलेलं चिकन किंवा मासा. आणि एक नवीन किंवा नावडती, पण ती मटाराच्या दाण्याएवढी, अक्षरशः. प्रमाण म्हणून वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा असा ढोबळ हिशोब धरायचा, म्हणजे तिला प्रत्येकाचे दीड चमचे. आम्ही आजवर वाटी भरून देत होतो आणि अर्धी उरली की हळहळत होतो!

लोहाचा हिशोब लिहून बघितला. एका अंड्यात १ मिलिग्रॅमलाही थोडं कमी. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण ३, आणि ती खाते फारतर तीस-चाळीस ग्रॅम. एका पदार्थाने ७ कधीच होणार नाहीत, थेंबे थेंबेच जमवायला लागणार. पण डाळीसोबत काहीतरी क जीवनसत्त्वाचं दिलं, टोमॅटो, संत्र्याची फोड, लिंबाचे दोन थेंब, तर डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. म्हणून मसुरात टोमॅटो, आणि दुधाचा कप त्या जेवणाला लागून नाही, थोड्या वेळाने.

२ मार्च
नवीन पदार्थ म्हणून सध्या मटार ठेवतोय, त्याची मोजणी चालू आहे. मटार समोर आले : सहा वेळा. बोट लावलं : दोनदा. तोंडात : शून्य. टेबलाखाली : बरेच.

लिअन बर्च यांनी १९८० च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांवर केलेलं काम आहे, नवीन पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला तितका तो आवडायला लागला, आणि त्याला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त, लागतात. आपण तिसऱ्या वेळेलाच 'हिला मटार आवडत नाहीत' असं जाहीर करून मोकळे होतो. शिवाय दीड-दोन वर्षांच्या सुमाराला नव्या पदार्थाची भीती वाटायला लागणं हे या वयाचंच लक्षण आहे, मूल स्वतःच्या पायाने फिरायला लागलंय, दिसेल ते तोंडात घालत सुटलं तर अवघडच होतं ना. हा माझा तर्क, पण मला तो धीर देतो.

आईला सांगून ठेवलंय की 'एक घास खा बघू' म्हणायचं नाही आणि खाल्ल्यावर टाळ्याही नाहीत. आणि मोबाइल टेबलावर नाही, कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतं हे खरंय, पण पोट भरलंय हेही तिला कळत नाही. पाच मिनिटं आई गप्प बसली, मग आमच्याशी दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली, छोटी आपली खात होती.

५ मार्च
रविवारी साठवणीचं काम. मसूर-रताळ्याच्या टिक्क्या. पहिला घाणा फसला, मसूर पाणी घालून शिजवला होता, मिश्रण सैल, तव्यावर पसरून लापशी झाली. दुसऱ्यांदा : एक वाटी मसूर मऊ शिजवून गाळणीवर अर्धा तास निथळत ठेवला, एक मध्यम रताळं वाफवून कुस्करलं (उकडलं तर पाणी धरतं), दोन चमचे ओट्सचं पीठ, चिमूटभर जिरेपूड, मीठ जवळजवळ नाहीच. छोट्या चपट्या टिक्क्या, तेलाचा हात, दोन्ही बाजू. अठरा झाल्या. पाच ताज्या खाल्ल्या गेल्या, त्यातल्या तीन मी.

उरलेल्या गार झाल्यावर ताटात सुट्ट्या ठेवून फ्रीजरला, कडक झाल्या की पिशवीत, वर तारीख. आधीच पिशवीत भरल्या तर वीट होते, मागच्या वेळी चिकनच्या गोळ्यांची झालेली, सुरीने फोडताना माझं बोट. शिळ्या भाताचं मात्र वेगळं : भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात जे नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून भात उरला तर तासाभरात पसरून गार करून फ्रिजमधे, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम, आणि तिसरा दिवस नाहीच.

९ मार्च
ठरलेल्या पाच वेळांतल्या मधल्या खाऊबद्दल. आमच्या डोक्यात खाऊ म्हणजे पुड्यातलं काहीतरी. तिच्या पोटाच्या मानाने तो छोटं जेवणच आहे, त्यामुळे त्यातही काहीतरी दम हवा. या दोन आठवड्यांत चाललेलं लिहितो : घट्ट दही आणि त्यात कुस्करलेलं पिकलं केळं, साखर नाही. उकडलेल्या बटाट्याचे मऊ तुकडे, वर किसलेलं चीज. ब्रेडच्या पट्टीवर पीनट बटरचा पातळ थर (शेंगदाण्याची ॲलर्जी नाही हे आधीच कळलेलं होतं). वाफवलेल्या सफरचंदाच्या फोडी दालचिनी लावून, या मला पण आवडतात. आणि सगळ्यात हिट म्हणजे तीन गोष्टींचे पॅनकेक, एक पिकलेलं केळं, एक अंडं, चार चमचे ओट्सचं पीठ, दहा मिनिटं भिजवायचं नाहीतर उलटताना तुटतात, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे घालायचे. केळ्याचीच गोडी पुरते.

मधाबद्दल हिचा आणि माझा वाद. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही हे दोघांना माहीत होतं, त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. आता वर्ष झालं म्हणजे चालेल असं ती म्हणते, चालेल ना, पण तीही साखरच, आणि दोन वर्षांपर्यंत वरची साखर टाळायची ठरलंय. फळाचा रसही नाही, अख्खं फळ आहे की. वाद ड्रॉ.

१२ मार्च
सर्दी. तीन दिवस जवळजवळ काही नाही. सूप, दही, थोडं केळं, आणि दूध पुन्हा ७०० ला गेलं. आधीचा मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. वही उघडून मागचे दिवस पाहिले, एक दिवस चार चमचे आणि पुढच्या दिवशी दोन अंडी असं तिचं आधीही झालेलंच आहे. पाणी पितेय, लघवी होतेय, खेळतेय. सोडून दिलं.

१५ मार्च
सर्दी गेली आणि काल तिने सकाळी एवढं खाल्लं की आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

आज एक वेगळी मोजणी केली. जागतिक आरोग्य संघटनेची ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी एक मोजपट्टी आहे, अन्नाचे आठ गट, आईचं दूध हा त्यातला एक, बाकी धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, आणि इतर फळं-भाज्या. दिवसात किमान पाच गट पोटात जायला हवेत. आईचं दूध बंद आहे, म्हणजे आमच्याकडे सातच. फेब्रुवारीचा पहिला आठवडा : रोजचे दोन किंवा तीन. आजारपणाच्या आधीचा आठवडा : पाच दिवस पाच, एक दिवस सहा, एक दिवस तीन. तीनवाला दिवस आम्ही लग्नाला गेलो होतो तो.

१८ मार्च
मुदत संपली. ३० पदार्थांची यादी काही झाली नाही, अकराच झालेत, आणि त्यातले चार म्हणजे आमच्याच जेवणातलं मीठ-तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं आणि मऊ केलेलं. हिने विचारलं मग प्रकल्प फेल का, मी म्हटलं मुदतवाढ.

मटार, बारावी वेळ. एक दाणा उचलला, अंगठ्याने चपटा केला, तोंडात घातला, बराच वेळ विचार केला, बाहेर काढला आणि माझ्या तोंडात घातला. नोंद काय करायची यावर घरात मतभेद आहेत. आईच्या मते हे 'खाल्लं' मधे धरायचं. मी 'चाखलं' असा नवीन रकाना काढलाय.

टिक्क्या चारच उरल्यात. मसूर भिजत घातलाय.